खुब्यातले दोन मिलिमीटर

गेल्या पावसाळ्यात, शालेय कबड्डी स्पर्धा तोंडावर आलेल्या असताना, बाळापुरातला आमचा एक अकरावीचा विद्यार्थी सरावाला येईनासा झाला. चढाईत तो पटाईत. काय झाले म्हणून विचारले, तेव्हा त्याने कमरेखाली बाजूने हात ठेवला, अंगठा मागे आणि चार बोटे पुढे जांघेकडे, जणू चिमट्यात सांधा धरावा तसा. "सर, इथं आत दुखते. मले खाली बसून उठताच येत नाही." आठ महिने तो हे दुखणे अंगावर काढत होता. घरच्यांनी लचक समजून तेल चोळले. कोणाला अंतर्गळाची शंका आली. एका ठिकाणी सांगितले, सांध्यातले वंगण संपले. दुसऱ्या ठिकाणी सांगितले, कूर्चा फाटली, पुढेमागे सांधाच बदलावा लागेल. वय वर्षे सतरा.

मुलगा हुशार. त्याने आम्हालाच प्रश्न टाकला: "पालीची शेपटी परत येते. माह्या हाताचं हाड मोडलं होतं, थे दीड महिन्यात जुळलं. मंग कूर्चाच काऊन जुळत नाही?"

आम्ही तिघे विज्ञान शिकवणारे. तिघांनाही धड उत्तर देता आले नाही. मग पुस्तके काढली, दोन डॉक्टर मित्रांना छळले आणि एक सांधा प्रत्यक्ष उघडून पाहिला. त्यातून जे हाती लागले ते इथे मांडत आहोत.

सुरुवात सांध्यापासून करू. खाटकाकडून बोकडाची मागची तंगडी आणावी. मात्र त्याला आधीच सांगावे, की कमरेचे हाड तिला तसेच राहू दे, सांधा तोडू नको. (शाळेत हे चालणार नसेल तर आग्रह धरू नये. एकाने घरी करून छायाचित्रे दाखवली तरी भागते. हातमोजे घालावेत, नंतर हात साबणाने धुवावेत.) स्नायू सोलून काढले की सांध्याभोवती एक जाड, पांढरी पिशवी दिसते. ती कापली तरी मांडीच्या हाडाचा गोळा उखळीतून सहज निघत नाही. ओढले तर तो चिकटून बसल्यासारखा वाटतो. उखळीच्या कडेशी सुरी सरकवून हवेला वाट करून दिली, की चुळकन आवाज होतो आणि गोळा सैल पडतो. मग गोळ्याच्या टोकाला बांधलेली एक आखूड दोरी कापली, की तो हातात येतो.

हा प्रयोग जुना आहे. चुंबकीय अभिवाहाच्या एककाला ज्यांचे नाव आहे ते विल्हेल्म वेबर आणि त्यांचे बंधू एडुआर्ड यांनी १८३६ मध्ये चालण्याच्या यांत्रिकीवरील आपल्या ग्रंथात तो दिला. स्नायू आणि पिशवी कापूनही मृत देहाचा पाय उखळीतून गळून पडला नाही. उखळीला मागून भोक पाडल्यावर मात्र पडला. पाय धरून ठेवण्यात वातावरणाच्या दाबाचाही वाटा आहे, हे त्यांनी त्यावरून दाखवले. दाब टिकवायला हवाबंद कडा लागते. ती उखळीच्या ओठावरची रबरासारखी किनार पुरवते. तिला डॉक्टर लॅब्रम म्हणतात. हिची गोष्ट पुढे पुन्हा येणार आहे.

आता गोळ्याकडे पाहा. त्यावर निळसर पांढरा, ओला, काचेसारखा चकाकणारा थर आहे. हीच कूर्चा. शाळेच्या पुस्तकात तिला कास्थी म्हटलेले असते. माणसाच्या खुब्यात ती साधारण एक ते दोन मिलिमीटर जाड असते, काही जागी थोडी जास्त. नखाने दाबा : खळगा पडतो आणि हळूहळू भरून येतो. टाचणी टोचा : रक्त नाही. सुरीने तिरका काप घेऊन भिंगाखाली धरा : एकही रक्तवाहिनी दिसत नाही. मज्जातंतूही तिच्यात नसतात. तासभर उघडी ठेवली तर ती सुकून पिवळी पडते, कारण तिच्या वजनाचा सुमारे दोन तृतीयांश ते तीन चतुर्थांश भाग पाणीच असतो.

इतकी पाणीदार वस्तू भार कसा पेलते? कूर्चेत कोलॅजेन तंतूंची जाळी असते आणि त्या जाळीत ॲग्रीकॅन नावाचे प्रचंड रेणू अडकवलेले असतात. या रेणूंवर ऋण प्रभार ओळीने बसलेले असतात. ते एकमेकांना दूर ढकलतात आणि पाणी ओढून घेतात. जाळी त्यांना मनासारखे फुगू देत नाही. घट्ट अभ्र्यात ठासून कापूस भरलेली उशी डोळ्यांसमोर आणा, म्हणजे कल्पना येईल. दाब आला की पाण्यालाच तो आधी झेलावा लागतो, कारण त्याला बारीक वाटांतून पटकन निसटता येत नाही. आणि दोन्ही पृष्ठभागांमध्ये पाण्याचा पातळ थर राहिल्यामुळे घर्षण बर्फावर बर्फ घसरताना होते त्याहूनही कमी असते. वंगण संपते असे जे सर्रास सांगितले जाते ते म्हणूनच अर्धवट आहे. इथे वंगण आणि धारवा वेगळे नाहीत, कूर्चाच बहुतांशी वंगणाचे काम करते.

भार तरी किती? बर्लिनच्या गेऑर्ग बेर्गमान यांनी कृत्रिम खुब्यात दाबमापक बसवून रुग्ण चालत असताना मोजमापे घेतली. सपाटीवर चालताना सांध्यावर शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीचपट बल येते. हे जास्तीचे बल वजनातून येत नाही, स्नायूंच्या ओढीतून येते. एका पायावर उभे राहताना धड दुसऱ्या बाजूला कलू नये म्हणून खुब्याच्या बाजूचे स्नायू जोराने ओढतात, आणि त्यांचा भुज आखूड असल्याने त्यांना बल जास्त लावावे लागते. तरफेचा हा उत्तम प्रश्न आहे, नववी-दहावीला अवश्य द्यावा. ठेच लागून तोल सावरताना हेच बल वजनाच्या सात-आठपट झाल्याचे आढळले. ५० किलोच्या मुलाच्या दोन मिलिमीटर थरावर क्षणभर साडेतीनशे-चारशे किलो!

आता त्या मुलाचा प्रश्न. हाड मोडते तेव्हा रक्त येते. रक्ताची गाठ होते, तीत पेशी शिरतात, त्या नवे हाड रचतात. कूर्चेत रक्तच नाही. तिच्या पेशी घनफळाच्या जेमतेम काही टक्के, प्रत्येक आपापल्या कोठडीत बंद, अन्न मिळते ते सांध्यातल्या द्रवातून झिरपून. वरवर चीर पडली तर तिकडे धावून जाणारे कोणीच नसते. चीर खाली हाडापर्यंत गेली तर मात्र हाडातून रक्त येते आणि भराव तयार होतो. पण तो व्रणासारखा तंतुमय असतो, मूळच्या कूर्चेसारखा नव्हे. कूर्चा एकदा नष्ट झाली की परत येत नाही, हे लंडनमध्ये विल्यम हंटर यांनी १७४३ मध्येच नोंदवून ठेवले आहे.

ती खरोखरच परत येत नाही याचा पुरावा फार अनपेक्षित दिशेने आला. १९५० आणि १९६० च्या दशकांत वातावरणात अणुबॉम्बच्या चाचण्या झाल्या. त्यामुळे हवेतील कार्बन-१४ झपाट्याने वाढले आणि १९६३ च्या सुमारास उत्तर गोलार्धात जवळजवळ दुप्पट झाले. त्या वर्षी अमेरिका, रशिया आणि ब्रिटन यांनी वातावरणातील चाचण्या थांबवण्याचा करार केला आणि हे प्रमाण उतरू लागले. वनस्पती हा कार्बन घेतात, आपण वनस्पती खातो, म्हणून शरीरातील प्रत्येक ऊतीवर ती घडली त्या काळच्या हवेचा शिक्का बसतो. डेन्मार्कमधील संशोधकांनी गुडघ्याच्या कूर्चेतील कोलॅजेन तपासून २०१६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केला : शिक्का निघाला तो वाढीच्या वयातला. प्रौढपणी त्या जाळीत जवळजवळ काहीच नवे विणले गेले नव्हते, आणि झिजलेल्या गुडघ्यांतही स्थिती तीच होती. थोडक्यात, सांगाडा वाढताना मिळाली तीच जाळी आयुष्यभर वापरायची. पालीच्या शेपटीशी बरोबरी करायला आपल्याकडे काही नाही.

मग शस्त्रक्रिया नेमके काय दुरुस्त करते? आम्हीही आधी समजत होतो की फाटलेल्या जागी ठिगळ लावत असतील. ठिगळ असते, पण तरुण खुब्याच्या बाबतीत खरा मुद्दा वेगळा आहे : कूर्चा फाटली ती का?

स्वित्झर्लंडमधील बर्न येथील राइनहोल्ड गान्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या प्रश्नाला वळण दिले. २००३ मध्ये त्यांनी मांडले, की तरुणपणी खुबा खराब होण्यामागे बऱ्याचदा आकारातला दोष असतो. मांडीच्या हाडाचा गोळा पूर्ण गोल नसतो, मानेशी त्याला उंचवटा असतो. पाय वाकवून आत वळवला की तो उंचवटा उखळीच्या कडेवर आपटतो. आधी किनार फाटते, मग तिच्या लगतची कूर्चा हाडापासून सुटू लागते, जशी ओल धरलेल्या भिंतीवरचा रंग पोपडा धरून सुटतो. काही जणांत उलट, उखळच गरजेपेक्षा खोल असते. आणि काहींत ती उथळ असते, तेव्हा सगळा भार कडेच्या चिंचोळ्या पट्टीवर येतो. युरोपातील किशोर फुटबॉल व बास्केटबॉल खेळाडूंच्या पाहणीत असे दिसले, की मानेवरचा हा उंचवटा वाढीच्या वयातच, जोरदार खेळणाऱ्यांत जास्त प्रमाणात तयार होतो. इथे एक सावधगिरी. असा उंचवटा असलेल्या कितीतरी माणसांना आयुष्यात कधी दुखत नाही. म्हणून २०१६ मध्ये तज्ज्ञांनी एकमताने ठरवले, की तक्रार, तपासणीतली खूण आणि क्ष-किरण चित्र, तिन्ही जुळली तरच रोग म्हणायचे. नुसते चित्र पाहून शस्त्रक्रियेची तारीख देणाऱ्याला हे जरूर विचारावे.

दोष सापडला तरी तिथे पोचायचे कसे, ही मोठी अडचण. गोळ्याला रक्त पुरवणारी मुख्य धमनी मानेच्या मागून चढते. ती दुखावली तर गोळ्याचे हाड मरते. म्हणून खुबा उखळीतून बाहेर काढायला शल्यविशारद घाबरत. गान्झ यांनी त्या धमनीचा मार्ग काटेकोर शोधला, बाजूच्या स्नायूंसकट हाडाचा एक पातळ कपचा उचलून पुढच्या बाजूने गोळा बाहेर काढायचा आणि काम झाल्यावर कपचा स्क्रूने पूर्ववत बसवायचा अशी पद्धत बसवली. २००१ मध्ये त्यांनी २१३ खुब्यांचा अनुभव प्रसिद्ध केला. एकाही गोळ्याचे हाड मेले नव्हते.

दुसरा मार्ग दुर्बिणीचा. न्यूयॉर्कच्या मायकेल बर्मन यांनी १९३१ मध्ये मृत देहांच्या सांध्यांत दुर्बीण घालून पाहिली होती. गोळा आणि उखळ यांच्या मधोमध दुर्बीण जाणे अशक्य, असे त्यांचे मत पडले. कारण आपण बोकडाच्या तंगडीत पाहिले तेच, गोळा ओढून धरलेला असतो. पुढे रुग्णाला विशिष्ट टेबलावर झोपवून पाय यंत्राने ताणायचा, सुई घालून आतला निर्वात दाब मोडायचा आणि फटीला सेंटिमीटरभर रुंद करायचे, ही युक्ती साधली. वेबर बंधूंचे भोकच हे! मग दोन-तीन छोट्या छिद्रांतून फाटलेली किनार टाके घालून कडेला बसवतात, उंचवटा तासून गोळा गोल करतात. उखळ उथळ असेल तर दुर्बिणीचे काम नव्हे. तिथे उखळीभोवतीचे हाड कापून ती फिरवून गोळ्यावर नीट छप्पर घालावे लागते. ही शस्त्रक्रियाही बर्नचीच, १९८० च्या दशकातली.

राहिले ठिगळ. कूर्चेचा तुकडा निघून हाड उघडे पडले असेल तर त्या हाडाला टोच्याने तीन-चार मिलिमीटर अंतराने बारीक छिद्रे पाडतात. रक्त येते, गाठ धरते आणि त्यातून तंतुमय कूर्चा उगवते. ब्रिस्टलच्या केनेथ प्रिडी यांनी १९५९ मध्ये गुडघ्यात हाड भोकसून याची सुरुवात केली, अमेरिकेतील रिचर्ड स्टेडमन यांनी १९८० च्या दशकात टोच्याची सुधारित रीत रूढ केली. गाठ धरून राहावी म्हणून रुग्णाला सहा-आठ आठवडे कुबड्या घेऊन पायावर जेमतेम भार द्यावा लागतो. लहान खड्ड्याला हे चालते. मोठ्या खड्ड्याला हा भराव फार काळ टिकत नाही, कारण तो मुळात व्रण. काही ठिकाणी गाठीवर कोलॅजेनचे पातळ पटल शिवतात किंवा चिकटवतात.

याहून पुढची पायरी पेशींची. स्वीडनमधील योटेबोरी येथे मात्स ब्रिटबेरी, लार्स पेटरसन व सहकाऱ्यांनी रुग्णाच्याच गुडघ्यातून कूर्चेचा छोटा तुकडा घेतला, प्रयोगशाळेत त्यातील पेशी वाढवल्या आणि खड्ड्यात परत सोडल्या. २३ रुग्णांचा हा वृत्तांत १९९४ मध्ये आला. पुढे तीच कल्पना खुब्यातही वापरली गेली. आपल्याकडे महाराष्ट्रातही रुग्णाच्या स्वतःच्या पेशी वाढवून देण्याची सोय झाली, आणि भारताच्या औषध महानियंत्रकांनी अशा उत्पादनाला २०१७ मध्ये मान्यता दिली. पण खर्च मोठा, शस्त्रक्रिया बहुधा दोनदा, आणि खुब्याबद्दलचा दीर्घ अनुभव गुडघ्याच्या मानाने थोडा. कूर्चा परत वाढवून देतो अशा जाहिराती वाचताना हे ध्यानात असलेले बरे.

या शस्त्रक्रियांचा खरोखर उपयोग होतो का? ब्रिटनमध्ये २३ रुग्णालयांत ३४८ रुग्णांवर एक प्रयोग झाला आणि २०१८ मध्ये निष्कर्ष आले. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे रुग्ण दोन गटांत विभागले. एका गटाची दुर्बिणीतून शस्त्रक्रिया, दुसऱ्याला तज्ज्ञाच्या देखरेखीखाली व्यक्तिगत व्यायाम. वर्षानंतर शंभर गुणांच्या मापावर शस्त्रक्रियेचा गट ३९ वरून ५९ वर गेला, व्यायामाचा गट ३६ वरून ५० वर. शस्त्रक्रिया सरस ठरली, पण फरक सातेक गुणांचाच, आणि केवळ व्यायामानेही चौदा गुणांची भर पडली. नियंत्रित प्रयोग म्हणजे काय हे शिकवायला याहून चांगले उदाहरण आम्हाला अलीकडे मिळालेले नाही. दुसरा गट नसता तर वीसच्या वीस गुण सुरीच्या नावावर जमा झाले असते.

आणि एक आकडा वारंवार समोर येतो. क्ष-किरण चित्रात कूर्चा दिसत नाही, दिसते ती गोळा आणि उखळ यांच्यातली काळी फट, म्हणजे दोन्ही थरांची मिळून जाडी. ही फट दोन मिलिमीटरहून कमी उरली असेल तर दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेने फारसे साधत नाही, बरेच जण पुढे सांधा बदलण्याकडेच जातात. टेनिसपटू अँडी मरे यांचे उदाहरण प्रसिद्ध आहे. जानेवारी २०१८ मध्ये त्यांच्या खुब्याची दुर्बिणीतून शस्त्रक्रिया झाली, ती पुरली नाही. वर्षभराने गोळ्यावर धातूची टोपी व उखळीत धातूची वाटी बसवावी लागली. त्या खुब्यावर ते २०१९ च्या ऑक्टोबरात स्पर्धा जिंकले आणि २०२४ पर्यंत खेळले. जॉन चार्नली यांनी १९६२ मध्ये धातू आणि पॉलिथिनचा टिकाऊ खुबा दिल्यापासून सांधारोपण पुष्कळ सुधारले आहे. पण सतराव्या वर्षी बसवलेला सांधा आयुष्यात पुन्हा, कदाचित दोनदा, बदलावा लागेल हे गणित अजून सुटलेले नाही.

आता आपल्या वऱ्हाडाकडे, विदर्भाकडे. इथे तरुण खुबा बिघडण्याचे एक कारण असे आहे, ज्यावर युरोपातल्या पुस्तकांत जेमतेम परिच्छेद असतो : सिकलसेल. नागपूरला शुक्ला व सोळंकी यांनी १९५८ मध्ये मध्य भारतातील सिकलसेलची नोंद केली. या रोगात विळ्याच्या आकाराच्या तांबड्या पेशी बारीक वाहिन्या तुंबवतात. गोळ्याचा रक्तपुरवठा मुळातच तोकडा, तो तुटला की आतले हाड मरते आणि खचते. वरची कूर्चा सुरुवातीला धडधाकट असते, पण भिंत खचल्यावर गिलावा किती टिकणार? नागपूरचे अस्थिशल्यविशारद डॉ. सुधीर बाभुळकर यांनी सिकलसेलमधील अस्थिविकारांवर आणि गोळ्याचे हाड मरण्यावर लिहिले आहे. हाड खचण्यापूर्वी निदान झाले तर गोळ्यात पन्हळ पाडून आतला दाब कमी करता येतो, त्यात हाडाची कलमे भरता येतात. खचल्यानंतर हे उपाय दुबळे ठरतात. साध्या क्ष-किरण चित्रात हा बिघाड उशिरा उमटतो, एम.आर.आय. चित्रात लवकर. म्हणून विदर्भातल्या तरुणाचा खुबा दुखत असेल तर सिकलसेलची रक्ततपासणी झालीच पाहिजे. ती सरकारी दवाखान्यांत होते, आणि २०२३ पासून त्यासाठी राष्ट्रीय मोहीमही आहे. स्टेरॉइडचा दीर्घ वापर आणि दारू यांनीही हाड असेच मरते. खुब्याचा क्षयही अजून विसरण्याजोगा नाही.

शिक्षकांसाठी एक गोष्ट मुद्दाम. दहा ते पंधरा वयाचे मूल लंगडते आणि गुडघा दुखतो म्हणते, गुडघा मात्र तपासणीत ठीक असतो. अशा वेळी खुबा पाहायला लावावा. खुबा आणि गुडघा यांची संवेदना काही अंशी एकाच मज्जातंतूतून जाते, त्यामुळे मेंदूची फसगत होते. या वयात वाढीच्या चकतीवरून गोळा सरकलेला असू शकतो. तसे असेल तर मुलाला चालवू नये, त्याच दिवशी अस्थितज्ज्ञाकडे न्यावे, कारण गोळा आणखी सरकला तर रक्तपुरवठा तुटतो. आणि उठाबशा! शारीरिक शिक्षा २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने बंद झाली आहे, तरी त्या कुठे कुठे चालतात. वर्गात नीट बसत नाही, सारखा पाय पसरतो म्हणून ज्याला उभे केले जाते, त्याला जांघेत दुखते का, एवढे तरी आधी विचारावे. आम्ही आमच्या मुलाला आठ महिने विचारले नव्हते.

त्याचे पुढे काय झाले? सिकलसेल तपासणीत काही निघाले नाही. उजव्या मानेवर उंचवटा आहे, किनार थोडी फाटली आहे, फट मात्र चार मिलिमीटर शिल्लक आहे. डॉक्टरांनी आधी तीन महिने व्यायाम सांगितले, खोल बैठका आणि चढाई बंद. तिसरा महिना चालू आहे. दुखणे कमी झाले आहे, गेलेले नाही, आणि दुर्बिणीची शस्त्रक्रिया करायची का हे दिवाळीनंतर ठरेल. तोवर तो मैदानाच्या कडेला बसून गुण लिहितो, खाली नाही, खुर्चीवर. कार्बन-१४ चा आलेख त्याने वहीत काढून ठेवला आहे. आमच्यातील ज्येष्ठांचा जन्म १९६८ चा. त्यांच्या खुब्यात १९७०-८० ची बॉम्बवाली हवा अजून जपलेली आहे, हे त्याने त्यांना हिशेब करून दाखवले. त्याचा स्वतःचा जन्म २००८ चा, त्याचा आलेख जवळजवळ सपाट निघाला.